साथ येते तेव्हा साथ सुटते का? (महामारी आणि आपलं समाजजीवन)



२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. चौथीच्या वर्गावर परिसर अभ्यासाचा तास चालू होता. संसर्गजन्य आजारांचा भाग शिकवून झाला होता. पाणी उकळून प्यावं, शिंकताना तोंडावर रुमाल धरावा, हात साबणाने धुवावेत, असं सगळं फळ्यावर लिहून झालं होतं. उजळणी म्हणून मी विचारलं, "सांगा बरं, संसर्गजन्य आजार म्हणजे कसला आजार?" दोन-तीन मुलांनी पुस्तकातलं उत्तर दिलं, "एकाकडून दुसऱ्याला होतो तो." मग एरवी फारसं न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, जो झाला की आपल्या घरी कुणी येत नाही, तो."

वर्गात हशा झाला. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला तिचं घर माहीत होतं. तिच्या घरची गोष्ट पुढे सांगते. पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपण मुलांना जंतू शिकवतो, लस शिकवतो, हात धुण्याच्या पायऱ्या पाठ करून घेतो. महामारीत माणसांचं आपापसात काय होतं, हे मात्र आपण शिकवतच नाही. मुलांनी ते स्वतः पाहिलेलं असतं, आणि त्यावर कुणी बोलत नाही म्हणून ती आपल्या परीने अर्थ लावून मोकळी होतात. आजचा लेख त्या राहून गेलेल्या पाठाबद्दल आहे.

समाजस्वास्थ्य म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली लागू झाली. तिच्यात आरोग्याची व्याख्या दिली आहे. आजार नसणं म्हणजे आरोग्य, एवढंच ती म्हणत नाही. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही बाजूंनी माणूस बरा असणं म्हणजे आरोग्य, असा तिचा अर्थ आहे. पहिल्या दोन बाजू आपल्याला कळतात. तिसरी आपण वाचतो आणि पुढे जातो.

मुलांना सांगायचं तर सोप्या भाषेत असं सांगता येईल:

• अडीअडचणीला हाक मारली तर कुणीतरी येईल, अशी खात्री असणं.
• आनंदात आणि दुःखात माणसं जमणं.
• गावातल्या नळावर, दुकानात, देवळात, शाळेत आपल्याला जागा असणं.
• डॉक्टर, ग्रामपंचायत, सरकार आपल्या भल्याचं सांगतात, असा विश्वास असणं.

ताप थर्मामीटरवर दिसतो. या चार गोष्टी मोजणारं यंत्र नाही. त्यामुळे त्या बिघडल्या तरी लवकर लक्षात येत नाही, आणि साथ गेल्यावर त्या आपोआप सुधारतात असंही नाही.

प्लेगचा धडा : १८९६-९७

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेगच आहे हे ओळखलं. भीतीने लाखो लोक मुंबई सोडून गेले. गोदीचं, गिरणीचं, बाजाराचं काम विस्कळीत झालं.

त्यानंतर जे घडलं ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. (हाच कायदा २०२० साली कोविडच्या वेळी पुन्हा वापरला गेला.) पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सैनिक घरोघर झडती घेऊ लागले. माजघर, देवघर काही न पाहता आत शिरायचं, माणसांना उचलून छावणीत न्यायचं, सामान जाळायचं, असा प्रकार सुरू झाला. रोग आटोक्यात आणायचा हा हेतू होता, पण लोकांचा विश्वासच उडाला. माणसं रुग्ण लपवू लागली. मुंबईत तर त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग आपण इतिहासात क्रांतिकारकांचा म्हणून शिकवतो, आणि तो तसा आहेच. पण त्याच पानावर सार्वजनिक आरोग्याचाही एक धडा आहे. लोकांचा विश्वास गमावून साथीशी लढता येत नाही.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, दुसरीही एक गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ सासणे मळ्याच्या परिसरात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. पुढे त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ३ जानेवारीला आपण शाळेत त्यांची जयंती साजरी करतो. १० मार्चला मुलांना हा प्रसंग जरूर सांगावा. एकाच साथीत एका बाजूला धाकाने घरात घुसणं होतं आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर घेऊन चालणं होतं. मुलांना फरक लगेच कळतो, समजावून सांगावा लागत नाही.

गावाकडची एक आठवण जुन्या लोकांकडून अजून ऐकायला मिळते. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव उठायचं. लोक रानात खोपी घालून राहायचे. साथ ओसरली की परत यायचे. याकडे नीट पाहा. ते लोकही अंतरच ठेवत होते, पण ते अंतर उंदरांपासून आणि घरांपासून होतं. गाव रानात जायचं ते गाव म्हणून जायचं. अर्थात रानातही कुणाची खोप कुठे, हे बऱ्याचदा जातच ठरवायची. ते विसरून जुन्या काळाचं कौतुक करायला नको.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. भारतात त्या साथीत एक कोटीहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं दशक हे एकच. एवढी माणसं गेली, तरी आपल्या बोलण्यात, गोष्टींत, धड्यांत मानमोडीच्या खुणा किती थोड्या आहेत! ज्या दुःखावर समाज बोलत नाही ते तसंच आत राहतं आणि पुढच्या पिढीला त्यातून काही शिकताही येत नाही. कोविडचं असं होऊ द्यायचं का, हे आपल्या हातात आहे.

कोविडने काय बदललं?

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासूनचं लॉकडाऊन आपण सगळ्यांनीच अनुभवलं. तेव्हाचे बदल मुद्द्यांत मांडते, म्हणजे वर्गात घ्यायला सोपं जाईल.

१) भेटण्याच्या जागा बंद झाल्या. पार, कट्टा, आठवडी बाजार, यात्रा, हरिनाम सप्ताह, शाळा, सगळं एकदम थांबलं. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं पंढरपूरची पायी वारी झाली नाही. पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. ज्या घरात वर्षानुवर्षं वारीचा नेम होता त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो नुसता रद्द झालेला कार्यक्रम नव्हता. त्यांच्या वर्षाचा कणाच निघाला होता.

२) दुःख एकट्याने सोसावं लागलं. आपल्याकडे मयत झालं की भावकीतून, शेजारच्या घरातून भाकरी येते. कडू घास म्हणतो आपण त्याला. चूल पेटत नाही त्या घरात शेजाऱ्यांनी खाऊ घालायचं, अशी ती रीत आहे. कोविडमध्ये कडू घास आला नाही. मोजक्या माणसांत अंत्यविधी, दहाव्याला कुणी नाही, कित्येकांना तर तोंडही पाहता आलं नाही.

३) संशय वाढला. मुंबई-पुण्याहून गावी आलेला आपलाच पोरगा परका झाला. काही गावांनी वेशीवर काट्या टाकल्या, बांबू आडवे बांधले. रुग्णाची सेवा करणाऱ्या नर्सला घरमालकाने घर सोडायला सांगितल्याच्या बातम्या आपण वाचल्या.

४) सगळ्यांना सारखाच फटका बसला नाही. "घरात राहा" हे घर असलेल्याला, पगार चालू असलेल्याला सोपं होतं. हातावर पोट असलेली माणसं चालत गावाकडे निघाली. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून ते घरी निघाले होते. शिक्षणातही तेच झालं. ज्याच्या घरी स्मार्टफोन त्याची शाळा चालू, बाकीच्यांची बंद.

५) मनं थकली. कोविडच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. तरुणांना आणि स्त्रियांना याचा जास्त त्रास झाला.

६) आणि नवी नातीही जुळली. हे सांगितल्याशिवाय पाठ पुरा होणार नाही. धारावीत जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो लोक राहतात, सार्वजनिक शौचालयं वापरतात. तिथे अंतर ठेवणार कसं? तरीही महापालिकेचे कर्मचारी, खासगी दवाखान्यांतले डॉक्टर आणि वस्तीतले कार्यकर्ते एकत्र आले, घरोघर तपासणी केली आणि पहिली लाट आटोक्यात आणली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन उदाहरण दिलं. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. आशाताई, अंगणवाडी ताई दारोदार फिरल्या. बचत गटाच्या बायकांनी मास्क शिवले.

एका शब्दाची चूक

त्या काळात "सोशल डिस्टन्सिंग" हा शब्द आपण सगळ्यांनी वापरला. मराठीत त्याचं "सामाजिक अंतर" झालं. मीही शाळेच्या भिंतीवर तो लिहून घेतला होता. खरं तर गरज होती शरीराने दूर राहण्याची. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा मार्च २०२० मध्येच "शारीरिक अंतर" हा शब्द वापरायला सुरुवात केली. आपल्या समाजात तर "सामाजिक अंतर" या शब्दाला फार जुना आणि कडू अर्थ आहे. कुणाला पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही, कुणाच्या हातचं घ्यायचं नाही, हे अंतर पिढ्यानपिढ्या पाळलं गेलं. तोच शब्द आजारासाठी आला तेव्हा काही जणांना तो पाळायला फारसं शिकावं लागलं नाही.

आता त्या मुलीच्या घरची गोष्ट सांगते.

सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" या मोहिमेत मी सर्वेक्षणाला होते. हातात ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि यादी. तिचं घर यादीत होतं. दहा-बारा दिवसांपूर्वी तिचे आजोबा कोविडने गेले होते. घरातली बाकीची माणसं बरी होऊन परतली होती. पण डेअरीवर त्यांचं दूध घेत नव्हते. नळावर तिची आई आली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. हे मला माहीत होतं. मी दारात उभी राहिले, अंगणातच सगळ्यांचे आकडे लिहून घेतले, आणि निघाले. तिची आजी ओसरीवर बसली होती. आजोबांबद्दल मी एक शब्दही बोलले नाही. "वाईट झालं हो" एवढंसुद्धा नाही. माझ्या घरी लहान मूल होतं, मला भीती होती, पुढे तीस घरं बाकी होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण दोन मीटरवरून दोन शब्द बोलायला कोणत्याच नियमाने मनाई केली नव्हती.

पुढे दोन वर्षांनी ती मुलगी वर्गात जे बोलली, त्यात मीही होते.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. आजींना म्हटलं, "तेव्हा यायला हवं होतं, आले नाही." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही एकट्या नव्हता बाई, कुणीच आलं नाही." मग चहा टाकला आणि आजोबांबद्दल बोलत राहिल्या, जवळजवळ तासभर. दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मला इथे नियमांविरुद्ध काही म्हणायचं नाही. अंतर ठेवणं गरजेचंच होतं, त्यामुळे जीव वाचले. पण शरीराने दूर राहताना माणूस म्हणून जवळ राहता येतं, हे आपण मुलांना दाखवलं नाही. फोन करता आला असता, दाराबाहेर डबा ठेवता आला असता, लांबून हाक मारता आली असती. काही घरांनी ते केलं. आपल्या भाषेत रोगाच्या "साथी"ला आणि सोबतीच्या "साथी"ला एकच शब्द आहे. पहिली आली की दुसरी सोडायची नाही, एवढाच या पाठाचा सार.

बदल चांगलाही होऊ शकतो

कोविडमध्ये अनेक तरुण स्त्रिया विधवा झाल्या आणि त्यांच्या वाट्याला येणाऱ्या जुन्या रूढींवर उघड चर्चा सुरू झाली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. दुःखाबद्दल गाव एकत्र बसून बोललं तर काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण आहे.

वर्गात हा पाठ कसा घ्यावा?

१) मुलाखत : मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत. लॉकडाऊनमध्ये तुम्हाला कुणाची आठवण आली? तुम्हाला कुणी मदत केली? कुणाला मदत करायची राहून गेली? आता प्राथमिकला असलेल्या लहान मुलांना तो काळ आठवत नाही, म्हणून हा उपक्रम जास्तच गरजेचा आहे.

२) दोन रकान्यांचा तक्ता : एका बाजूला "शरीराने दूर", दुसऱ्या बाजूला "मनाने दूर". मुलाखतीत ऐकलेले प्रसंग मुलांनी योग्य रकान्यात लिहावेत. वाद होतील, होऊ द्या.

३) आजचा प्रसंग : वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या आल्या आहेत. तो पंधरा दिवस घरी आहे. आपण काय करू? तो परत आल्यावर त्याच्या शेजारी कोण बसेल? माझ्या वर्गात यावरून ठरलं, की जो आजारी असेल त्याला रोज एकाने फोन करायचा आणि अभ्यास सांगायचा. आधी गंमत म्हणून सुरू झालं, आता सवय झाली आहे.

४) सावित्रीबाई आणि रँड : दोन्ही प्रसंग सांगून मुलांना विचारा, "तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर तुम्ही कुणाला सांगाल? का?"

एक काळजी मात्र घ्या. ज्या मुलाच्या घरी माणूस गेलं आहे त्याला वर्गासमोर बोलायला लावू नका. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. आणि आपल्या वर्गात आई किंवा वडील गेलेलं मूल असेल, मग कारण कोविड असो वा दुसरं काही, तर त्याच्या घरच्यांना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती जरूर द्या. पात्र मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. कित्येक घरांना हे माहीतच नसतं, आणि कागदपत्रं गोळा करायला शिक्षकाची मोठी मदत होते.

पालकांसाठी थोडंसं

शेजारी कुणी आजारी पडलं की आपण मुलांना आत बोलावतो, "तिकडे जाऊ नकोस" म्हणतो. ते ठीक आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. मुलासमोरच त्या घरी फोन करा. डबा करून दाराशी ठेवायला मुलालाही सोबत न्या, लांबून हात करू द्या. मूल ऐकून शिकत नाही एवढं पाहून शिकतं. आणि तुमच्या ओळखीत एखादं घर असेल, जिथे २०२० किंवा २०२१ मध्ये जायचं राहून गेलं, तर आता जा. उशीर झाला असं वाटेल, काय बोलावं कळणार नाही. "तेव्हा यायला हवं होतं" एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढचं ते घर बोलतं.

तुमच्या वर्गात या विषयावर मुलं काय बोलली, ते जरूर कळवा.